‘तांब्याचा मोठा जुना हंडा’ इंग्रजीत लिहिताना विशेषणांचा क्रम कसा ठरवायचा?

रानजाई:
तांब्या-पितळेची भांडी, कोल्हापुरी चपला, पैठण्या, हातकागदाच्या वह्या अशा वस्तूंची वर्णने परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजीत लिहायची आहेत. मराठी मजकूर तयार आहे, पण इंग्रजी करताना विशेषणांपाशी काम अडते. ‘तांब्याचा मोठा जुना हंडा’ याचे ‘अ कॉपर बिग ओल्ड पॉट’ केले, तर ते चूक आहे असे कळले. मराठीत ‘तांब्याचा मोठा जुना हंडा’ आणि ‘मोठा जुना तांब्याचा हंडा’ दोन्ही चालतात. मग इंग्रजीत एकच क्रम का?

विशेषणांचा इंग्रजी क्रम सांगणारे ‘ओसास्कॉम्प’ हे आद्याक्षरांचे सूत्र पाठ आहे. तरीही ‘कोल्हापुरी’ आणि ‘लेदर’ यांत आधी कोण, स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे त्यातून कळत नाही. शिवाय मजकुरात पुढच्या ओळी आहेत, त्या तपासून हव्यात: ‘फाइव्ह लिटर्स पॉट’, ‘अवर ऑल प्रॉडक्ट्स आर हँडमेड’, ‘अ फुल ऑफ फ्लॉवर्स पल्लू’, ‘अ लाइट ब्लू सिल्क सारी’. नियमाबरोबर कारणही सांगितलेत तर पुढच्या वस्तूंनाही ते लावता येईल.

मुद्रितशोधक:
आधी कारण सांगतो, कारण ते कळले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

‘तांब्याचा’ या शब्दातला ‘चा’ प्रत्यय त्याचे काम अंगावर बाळगून असतो. तो शब्द नामाला चिकटून ठेवा किंवा दोन शब्द अलीकडे ठेवा, ‘चा’ वाचकाला सांगतो की हा हंडा तांब्याचा आहे. इंग्रजीत ‘कॉपर’ला असा प्रत्यय नाही. तोच शब्द नाम म्हणूनही येतो, विशेषण म्हणूनही येतो. तो नामाच्या लगेच आधी बसला, तरच ‘कशाचे बनले’ हे कळते. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागा करते. जुन्या इंग्रजीत विशेषणांनाही लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे प्रत्यय लागत. ते झिजून गेले आणि जागेवरचा भार वाढला.

क्रम साधारण असा: बोलणाऱ्याचे मत, मग आकारमान, वय, घडण (गोल, चौकोनी वगैरे), रंग, मूळ ठिकाण, कशाचे बनले आहे ते, आणि सर्वांत शेवटी उपयोग. तुमचा हंडा पाण्याचा असेल तर ‘अ ब्युटिफुल लार्ज ओल्ड कॉपर वॉटर पॉट’. यात ‘वॉटर’ हा उपयोग आहे, म्हणून तो ‘पॉट’ला चिकटून; ‘कॉपर’ त्याच्या आधी; ‘ब्युटिफुल’ सर्वांत लांब.

यामागची दिशा लक्षात ठेवा: ज्यावर दोन माणसांचे दुमत होऊ शकते ते नामापासून दूर, ज्यावर होणार नाही ते नामाजवळ. हंडा सुंदर आहे की नाही यावर वाद होईल, मोठा आहे की नाही यावरही थोडा होईल, पण तांब्याचा आहे यावर होणार नाही. 2017 मध्ये स्कॉन्ट्रास, डेगन आणि गुडमन या संशोधकांनी प्रयोग करून हेच दाखवले, की विशेषण जितके व्यक्तिसापेक्ष तितके ते नामापासून लांब ठेवण्याकडे इंग्रजी भाषकांचा कल असतो. मराठी कानालाही हे परके नाही. प्रत्यय नसलेली विशेषणे घेऊन पाहा: ‘सुंदर लाल रेशमी साडी’ सहज बोलले जाते, ‘रेशमी लाल सुंदर साडी’ अडखळते. ‘चा-ची-चे’ आले की मात्र मराठी मोकळी होते आणि तिथेच भाषांतरात घसरायला होते. म्हणून मराठी मजकुरातले प्रत्येक ‘चा-ची-चे’ आधी पेन्सिलीने अधोरेखित करा. चुका बहुतेक तिथेच सापडतील.

मधल्या गटांत थोडी लवचीकता असते. वय आणि घडण यांची अदलाबदल चालते. ‘हँडमेड’, ‘हँडवोव्हन’ असे धातुसाधित शब्द रंगाच्या आधीही येतात, नंतरही: ‘अ हँडवोव्हन पर्पल सिल्क सारी’ आणि ‘अ पर्पल हँडवोव्हन सिल्क सारी’ दोन्ही बरोबर. मत पुढे आणि साहित्य मागे, ही दोन टोके मात्र हलवू नका.

नामाआधी विशेषणे तीनपर्यंत ठेवा, फार तर चार. उरलेली माहिती ‘विथ’ने नामानंतर न्या.

शब्दवेल्हाळ:
मुद्रितशोधक यांच्या क्रमाशी सहमत आहे, पण ‘मूळ ठिकाण आधी, साहित्य नंतर’ हे ‘कोल्हापुरी’ला डोळे मिटून लावू नका. रानजाई यांचा प्रश्न खरा तिथेच आहे.

नाम कोणते आहे ते आधी ठरवा. नाम ‘सँडल्स’ असेल तर ‘ब्राउन कोल्हापुरी लेदर सँडल्स’. पण ‘कोल्हापुरी चप्पल’ हे दोन शब्द मिळून वस्तूचे नाव असेल, तर ते नाव फोडायचे नाही, साहित्य बाहेर जाते: ‘ब्राउन लेदर कोल्हापुरी चप्पल्स’. इंग्रजीतले याचे जुने उदाहरण म्हणजे ‘फ्रेंच विंडो’, जमिनीपर्यंत उतरणारी दारासारखी खिडकी. ती फ्रान्समधून आलेली नसते, तो खिडकीचा प्रकार आहे. म्हणून ‘वुडन फ्रेंच विंडोज’ लिहितात. सूत्र लावून ‘फ्रेंच वुडन विंडोज’ केलेत तर अर्थच बदलतो: फ्रान्समध्ये बनलेल्या लाकडी खिडक्या.

प्रकारवाचक शब्द ओळखायची कसोटी अशी. त्याला ‘इज’नंतर ठेवून पाहा. ‘द पॉट इज कॉपर’ चालते; ‘द पॉट इज वॉटर’ चालत नाही, म्हणजे ‘वॉटर’ हा प्रकार. ‘द विंडो इज फ्रेंच’ म्हटले की भलताच अर्थ होतो, म्हणजे तोही प्रकार. प्रकारवाचक शब्दाला ‘व्हेरी’ही लागत नाही. जो शब्द या कसोटीत अडकतो तो नामाला चिकटतो, त्याच्या आणि नामाच्या मध्ये काहीही घालायचे नाही.

‘कोल्हापुरी’ हा प्रकार मानायला वस्तुस्थितीचाही आधार आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. म्हणजे ‘कोल्हापुरी’ आणि ‘मेड इन कोल्हापूर’ यांचा अर्थ एक नाही, आणि वर्णनात ते एकमेकांच्या जागी वापरू नका. पैठणीचेही तसेच. आज पैठणीचे मोठे विणकाम नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात होते. तिथे ‘पैठणी’ प्रकार म्हणून नामाआधी आणि गाव नामानंतर ठेवले की दोन्ही गोष्टी नीट सांगितल्या जातात: ‘अ सिल्क पैठणी सारी वोव्हन इन येवला’.

आता स्वल्पविराम. दोन विशेषणांमध्ये ‘अँड’ घालून पाहा, मग त्यांची अदलाबदल करून पाहा. दोन्ही चालले तर स्वल्पविराम द्या, नाही तर देऊ नका. ‘अ सॉफ्ट, कम्फर्टेबल स्ट्रॅप’मध्ये द्यायचा, कारण दोन्ही मते आहेत आणि उलटसुलट चालतात. ‘अ लार्ज कॉपर पॉट’मध्ये नाही, कारण ‘अ लार्ज अँड कॉपर पॉट’ असे कोणी म्हणत नाही. शेवटच्या विशेषणानंतर, म्हणजे नामाच्या तोंडाशी, स्वल्पविराम कधीच येत नाही. दोन रंग किंवा दोन साहित्ये असतील तर मात्र ‘अँड’ हवाच: ‘अ रेड अँड गोल्ड बॉर्डर’, ‘अ कॉपर अँड ब्रास पॉट’.

तुमची ‘लाइट ब्लू सिल्क सारी’ धोक्याची आहे. साडी वजनाला हलकी की रंगाने फिकट निळी? मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकच. फिकट निळी असेल तर जोडरेघ द्या: ‘अ लाइट-ब्लू सिल्क सारी’. हलकी असेल तर ‘अ लाइटवेट ब्लू सिल्क सारी’. गिऱ्हाईक फोटो पाहून अर्थ लावेल यावर विसंबू नका. तशीच अडचण हातकागदाच्या वहीत आहे. ‘अ हँडमेड पेपर नोटबुक’ म्हणजे कागद हाताने बनवलेला की वही? कागद असेल तर ‘अ हँडमेड-पेपर नोटबुक’. मराठीत ‘हातकागदाची वही’ आणि ‘हाताने बांधलेली कागदी वही’ यांत असा घोटाळा होऊच शकत नाही. पुन्हा तोच प्रत्ययाचा मुद्दा.

अनुस्वार:
‘फाइव्ह लिटर्स पॉट’बद्दल. संख्या आणि एकक मिळून नामाआधी विशेषण झाले की एकक एकवचनी राहते आणि मध्ये जोडरेघ येते: ‘अ फाइव्ह-लिटर पॉट’. ‘अ फाइव्ह लिटर्स कपॅसिटी पॉट’ असेही पुष्कळ दिसते, ते टाळा. हीच माहिती क्रियापदानंतर आली तर अनेकवचन: ‘द पॉट होल्ड्स फाइव्ह लिटर्स’.

मराठीत ‘पाच लिटरचा’, ‘पाच वर्षांचा’ असे ‘चा’ लावून काम होते, आणि ‘वर्षांचा’मधले अनेकवचन डोक्यात राहिल्याने ‘फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’ लिहिले जाते. त्याऐवजी ‘नऊवारी’ हा शब्द आठवा. संख्या आणि एकक जोडून एकच विशेषण तयार झाले: नऊवारी, सहावारी, दहाफुटी. इंग्रजीतली ‘नाइन-यार्ड सारी’ अगदी त्याच घडणीची आहे. ‘द सारी इज नाइन यार्ड्स लाँग’ म्हणजे ‘साडी नऊ वार लांब आहे’. जिथे मराठीत ‘नऊवारी’सारखा जोडशब्द शोभेल तिथे इंग्रजीत जोडरेघ आणि एकवचन.

‘अवर ऑल प्रॉडक्ट्स’ ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. ‘आमच्या सगळ्या वस्तू’ यात ‘आमच्या’ आधी येते. इंग्रजीत ‘ऑल’, ‘बोथ’ आणि ‘हाफ’ हे तीन शब्द ‘द’, ‘माय’, ‘दीज’ यांच्याही आधी उभे राहतात: ‘ऑल अवर प्रॉडक्ट्स’, ‘बोथ द हँडल्स’, ‘हाफ द प्राइस’. त्यांच्यानंतर क्रमवाचक आणि मग संख्या, म्हणजे ‘द फर्स्ट थ्री ऑर्डर्स’. मराठीत ‘तुमचा हा हंडा’ म्हणता येते, इंग्रजीत ‘युवर’ आणि ‘धिस’ शेजारी बसत नाहीत. ‘धिस पॉट ऑफ युवर्स’ करावे लागते. ‘माझा एक मित्र’ म्हणजेही ‘अ फ्रेंड ऑफ माइन’, ‘वन माय फ्रेंड’ नाही.

‘इतका मोठा हंडा’ यात उपपदाची जागा बघा. ‘सच अ लार्ज पॉट’, पण ‘सो लार्ज अ पॉट’. ‘सो’, ‘टू’, ‘हाऊ’, ‘अॅज’ यांच्यामागे विशेषण आधी आणि ‘अ’ नंतर येतो. ‘इनफ’ विशेषणाच्या मागे बसतो, नामाच्या पुढे: ‘लार्ज इनफ’, पण ‘इनफ स्पेस’.

कचेरीकाठ:
‘अ फुल ऑफ फ्लॉवर्स पल्लू’ राहिला आहे. मराठीत विशेषणाला कितीही लांब शेपूट असले तरी ते नामाआधी येते: ‘फुलांनी भरलेला पदर’, ‘वाटेत तुटलेला हंडा’, ‘फोटोपेक्षा वेगळा रंग’. इंग्रजीत एकटे विशेषण नामाआधी, पण शेपूट लागले की अख्खा गट नामामागे जातो. ‘अ पल्लू फुल ऑफ फ्लॉवर्स’. ‘अ ब्रोकन पॉट’, पण ‘अ पॉट ब्रोकन इन ट्रान्झिट’. ‘डिफरंट’, ‘सिमिलर’ आणि तुलनेची रूपे मात्र दुभंगू शकतात: ‘अ डिफरंट कलर फ्रॉम द फोटो’, ‘अ लार्जर पॉट दॅन धिस’. विशेषण पुढे राहिले, शेपूट मागे गेले.

पत्रव्यवहारात उपयोगी पडेल असे एक. ‘संबंधित अधिकारी’चे आपल्या कचेऱ्यांत ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ होते. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला त्यातून ‘चिंतेत पडलेला अधिकारी’ असा अर्थ लागतो. संबंधित म्हणायचे असेल तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे सदस्य, ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे हजर असलेले. शब्द तेच, जागा बदलली की काम बदलते.

काही पदनामांत आणि कायद्याच्या शब्दांत विशेषण कायमचे मागे बसले आहे: ‘अटर्नी जनरल’, ‘नोटरी पब्लिक’, ‘कोर्ट मार्शल’. 1066 नंतर इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयांत नॉर्मन फ्रेंच आली, तिची ही खूण, कारण फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणे नामानंतर येतात. म्हणून अनेकवचन नामाला लागते: ‘अटर्नीज जनरल’, ‘नोटरीज पब्लिक’. आपल्या राज्यघटनेतले कलम 76 चे महान्यायवादी आणि कलम 165 चे महाधिवक्ता यांची इंग्रजी पदनामे याच घडणीची आहेत. ‘मेजर जनरल’ वेगळा. तिथे ‘जनरल’ हेच नाम धरले जाते, म्हणून ‘मेजर जनरल्स’.

‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अलाइक’ असे शब्द नामाआधी येत नाहीत, फक्त क्रियापदानंतर. ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ यांतला ‘अ’ हा मुळात ‘ऑन’ आहे, म्हणजे ते शब्द जुन्या शब्दयोगी रचना आहेत. तुमच्या कामात ‘अलाइक’ येईल: ‘नो टू पॉट्स आर अलाइक’ बरोबर, ‘अलाइक पॉट्स’ चूक, तिथे ‘सिमिलर’ वापरा.

व्याकरणाबाहेरचे, पण महत्त्वाचे: ‘जुना’ साठी ‘अँटीक’ लिहू नका. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. वस्तू तितकी जुनी नसताना वर्णनात तो शब्द आला, तर चौकशी ओढवून घ्याल आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही होईल. नुसती झळाळी जुनी दिसत असेल तर ‘विथ अॅन अँटीक फिनिश’ असे नामामागे लिहा, म्हणजे ‘अँटीक’ हा शब्द हंड्याला लागत नाही, फिनिशला लागतो.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. पेन्सिलीने ‘चा-ची-चे’ अधोरेखित केल्यावर बहुतेक चुका खरोखर तिथेच निघाल्या. दोन वर्णने नव्याने लिहिली आहेत, पाहाल का?

‘अ लार्ज ओल्ड कॉपर वॉटर पॉट विथ अ नॅरो नेक अँड टू ब्रास हँडल्स. बोथ द हँडल्स आर रिव्हेटेड बाय हँड.’

‘अ पर्पल सिक्स-यार्ड हँडवोव्हन सिल्क पैठणी सारी विथ गोल्ड ब्रॉड बॉर्डर अँड अ पल्लू फुल ऑफ पीकॉक्स.’

शेवटी पाठवणीची ओळ आहे: ‘आम्ही दर सोमवारी कुरियरने मुंबईहून माल पाठवतो.’ याचे ‘वी एव्हरी मंडे बाय कुरियर फ्रॉम मुंबई गुड्स शिप’ होणार नाही इतके कळते, पण नेमका क्रम कोणता? आणि ‘फक्त सुती साड्याच परदेशी पाठवतो’ यातला ‘च’ कुठे बसवायचा?

मुद्रितशोधक:
हंडा निर्दोष आहे. पैठणीत दोन दुरुस्त्या. ‘सिक्स-यार्ड’ हे आकारमान, म्हणून रंगाच्या आधी: ‘अ सिक्स-यार्ड पर्पल हँडवोव्हन सिल्क पैठणी सारी’. आणि ‘विथ’च्या मागे गेलेल्या नामालाही तोच क्रम आणि तेच उपपद लागते: ‘विथ अ ब्रॉड गोल्ड बॉर्डर’. ‘रुंद जरीकाठ’ ज्या क्रमाने म्हणता त्याच क्रमाने. आधीच तीन-चार विशेषणे झाली आहेत, तर ‘सिक्स-यार्ड’ काढून खाली ‘लेंग्थ: सिक्स यार्ड्स’ अशी वेगळी ओळ केलीत तर वाचायला अधिक सोपे.

पाठवणीच्या वाक्याला सोपी युक्ती आहे. मराठी वाक्यातला कर्ता जागेवर ठेवा आणि बाकीचे शेवटाकडून उलटे वाचा: पाठवतो, माल, मुंबईहून, कुरियरने, दर सोमवारी. ‘वी शिप गुड्स फ्रॉम मुंबई बाय कुरियर एव्हरी मंडे.’ क्रियापदाच्या आधी रांगेने उभे असणारे शब्द क्रियापदानंतर आरशातल्यासारखे उलटे होतात. प्रत्येक वाक्यात इतके तंतोतंत जुळत नाही, पण पहिला कच्चा मसुदा असा केला तर फारसे बिघडत नाही. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये मात्र काही घालायचे नाही. ‘वी शिप एव्हरी मंडे गुड्स’ हे इंग्रजी कानाला लगेच खटकते. काळावर भर हवा असेल तर ‘एव्हरी मंडे’ वाक्याच्या अगदी सुरुवातीला न्या.

‘च’ साठी ‘ओन्ली’ ज्याला लागायचा त्याच्या लगेच आधी ठेवा: ‘वी शिप ओन्ली कॉटन सारीज अब्रॉड’. बोलण्यात ‘वी ओन्ली शिप कॉटन सारीज’ सर्रास चालते आणि आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो, पण छापील मजकुरात आवाज नसतो. ‘फक्त सुती साड्या परदेशी जातात’ आणि ‘सुती साड्या फक्त परदेशीच जातात’ यांतला फरक गिऱ्हाइकाला कळायलाच हवा. दुसऱ्या अर्थासाठी ‘वी शिप कॉटन सारीज ओन्ली टू अॅड्रेसेस अब्रॉड’. धुण्याच्या सूचनेत मात्र तो अगदी ‘च’सारखा शेवटी बसतो: ‘ड्राय क्लीन ओन्ली’.